हळदीच्या दिवसांत समुद्रावर

अमृता आणि श्रेयस,

तुम्हा दोघा भावंडांना मिळून लिहिते आहे, कारण वेगवेगळं लिहिलं की एकाला सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं राहून जातं. अमृताचा फोटो तुमच्या काकानं छापून आणून दिला. ती आणि तिचा नवरा, कुठल्याशा बेटावर, भाड्याच्या स्कूटरवर. मागे निळा समुद्र, वाऱ्यानं केसांची पार दशा झालेली, आणि खाली लिहिलेलं, 'आजी, आमचा इथला पहिला दिवस.' फोटो मी कपाटात नीट ठेवला आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसले. घड्या काही नीट होईनात. खिडकी उघडी होती आणि हरिपूरच्या बाजूनं शिजत्या हळदीचा वास येत होता. फाल्गुन लागला की हा वास सांगलीत येतोच. पण फोटो आणि वास एकाच दुपारी आले, आणि मला मालवणातला आमचा पहिला दिवस आठवला. तो दिवस तुमच्या आजोबांना आणि मला ठाऊक होता. आजोबा गेले. आता सांगणारी मी एकटी आहे, म्हणून लिहून ठेवते.

हळद शिजताना तुम्ही कधी पाहिली नाही. गड्डे खणून, माती झाडून मळ्यातच मोठ्या कढईत घालतात. वर हळदीचाच पाला आणि गोणपाट. झाकण उचललं की जी वाफ उठते तिला ओल्या मातीचा वास असतो आणि त्यात थोडा कापूर मिसळल्यासारखा वाटतो. मग ती अंगणभर वाळत घालायची, वाळली की साल निघेपर्यंत घोळायची. घोळताना जी धूळ उडते ती सगळ्यांवर सारखी बसते, माणसांवर, बैलांवर, दोरीवरच्या धुण्यावर. मी लग्न होऊन सांगलीला आले तो हाच हंगाम होता. साताऱ्याची मुलगी मी, तिथं थंड हवा, किल्ल्याचा डोंगर, वडील इंग्रजी शाळेत मास्तर, घरात पुस्तकं. इथं आले तर चिमण्यासुद्धा पिवळ्या. पेठेत आमची पेढी होती. हळद, गूळ, मिरची. व्यापारी हातावर उपरणं टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. मी माडीच्या खिडकीतून बघत असे. एवढी माणसं एवढ्या गंभीर चेहऱ्यानं एकमेकांचे हात धरून उभी आहेत, हे मला पुढे कितीतरी दिवस विचित्र वाटत राहिलं.

आपल्या जैन घरात जमिनीखालचं काही शिजत नाही हे तुम्हाला माहीत आहे. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. आणि घर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं ते जमिनीखालच्या हळदीवर. वाळलेली हळद चालते, असं शास्त्र आहे. माझ्या साताऱ्याच्या मैत्रिणीनं हे ऐकून विचारलं होतं, शास्त्र लिहिणारा सांगलीचा व्यापारी होता का. हा विनोद मी सासरी कधी सांगितला नाही. तुमच्या आजोबांना सांगितला तो मालवणात, कारण त्याआधी त्यांना काही सांगायला दिवसाउजेडी सवडच मिळाली नव्हती.

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तसंच होतं. भरलेलं घर. सासूबाई, त्यांना सगळे आव्वा म्हणत. सासरे, ते मामंजी. मोठे दीर-जाऊ, धाकटे दीर, पेढीवरची माणसं. नवऱ्याशी सगळ्यांसमोर बोलायचं नाही, ही रीत. त्यांच्या वहाणांचा आवाज मला चेहऱ्याच्या आधी ओळखू यायला लागला. ते जेवायला बसले की मी वाढायची आणि पंक्तीत बाकीच्यांना विचारायचं तेवढंच त्यांनाही विचारायची, भात वाढू का. ते तिघा भावांतले मधले. मोठा बोलतो, धाकट्याचे लाड होतात. मधल्याला पेढीच्या गादीवर बसायला जागा असते, बोलायला नसते.

तरी एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या मनानं केली होती. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान विक्रीला निघालं, त्यातून त्यांनी एक बुटकी फटफटी आणली. स्कूटर हा शब्द आमच्याकडे तेव्हा नव्हता. लहान मुलाच्या सायकलीएवढी चाकं, हँडल घडी करून खाली पाडता यायचं. लढाईत विमानातून खाली टाकायला बनवली होती, असं विकणाऱ्यानं सांगितलं. खरं-खोटं त्यालाच ठाऊक. तिच्यावर एकच जण बसायची सोय होती, म्हणून मिरजेला तंबोरे करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून त्यांनी मागे लाकडी बैठक करून घेतली. त्या माणसानं सवयीनं तिला इतकं घासूनपुसून चकचकीत केलं की चढ आला की मी मागे घसरायची. गाडी सुरू करायची म्हणजे धरून पळत सुटायचं. इंजिन फटफटायला लागलं की उडी मारून बसायचं, आणि मागच्या माणसानंही पळत येऊन बसायचं. सांगलीत मी तिच्यावर कधीच बसले नाही. पेठेतून सून पळताना दिसली असती तर हळदीचा भाव पडला असता, असं आजोबा म्हणायचे.

आता मालवणचं. आमचा गूळ आणि हळद लॉरीतून घाट उतरून मालवणच्या एका दलालाकडे जायची आणि परत येताना खोबरं, आमसुलं यायची. आजोबांच्या मनात होतं की दलाल कशाला, आपणच तिथं दुकान टाकावं. त्यांनी ते मामंजींना सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. मामंजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. आव्वा मात्र लगेच बोलल्या. तिथं देवाला जायला आपली बस्ती नाही, देवदर्शन नाही, शेजारी आपला माणूस नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जिथं वाऱ्यालाबी माशाचा वास, तिथं तू काय खाणार गं? पहिल्याच दिवशी उपाशी झोपशील, बघ." त्या दुष्टपणानं बोलत नव्हत्या. दिवस बुडायच्या आत सगळ्यांच्या पोटात अन्न गेलं पाहिजे हीच त्यांची रोजची धडपड होती. संध्याकाळी त्या घरभर फिरून विचारत, जेवलास का, जेवलीस का, आणि मगच दिवा लावत.

शेवटी मामंजी म्हणाले, "दुकान पोरगा चालवंल. घर कोण चालवणार? तिला गाव दाखव. ती आपल्या तोंडानं व्हय म्हणाली तर जावा. न्हाईतर हा विषय पुन्हा न्हाई."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मला वेगळं घर हवं होतं, हे लपवत नाही. तिथं मी दिवसा नवऱ्याशी बोलू शकले असते, पुस्तक उघडं टाकून ठेवू शकले असते. आणि मला भीतीही वाटत होती. सकाळी बस्तीत जाऊन यायचं, मग दिवस सुरू करायचा, ही माझी लहानपणापासूनची घडी होती. ती मोडून मी कशी राहीन, हे मला कळत नव्हतं.

गुळाच्या लॉरीत पुढे बसून आम्ही फोंड्याचा घाट उतरलो. मागे ढेपांवर फटफटी दोरीनं बांधलेली. घाटाच्या वर हवा कोरडी, ओठ फुटलेले, आणि खाली उतरताना एका वळणानंतर अंगाला काहीतरी ओलसर चिकटलं, ते मग मालवण सोडेपर्यंत सुटलं नाही. हिरवा रंग मला माहीत होता, साताऱ्याची होते मी. पण फाल्गुनात एवढा हिरवा मी पाहिला नव्हता. रात्री दलालाच्या परसातल्या खोलीत उतरलो. सकाळी मी दशम्या आणि चटणी बांधून घेतली. आजोबांनी कुपनावर मिळालेलं पेट्रोल गाळून गाडीत घातलं, आणि आम्ही गाव बघायला निघालो.

तो दिवस मला तुकड्यांतच आठवतो. बाजाराच्या तोंडाशी आजोबा गाडी घेऊन पळाले, इंजिन सुरू झालं, ते बसले आणि मागे न बघता निघून गेले. मी पाचवारी पातळाचा ओचा हातात धरून त्यांच्यामागे पळते आहे आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांतली माणसं बाहेर आली आहेत. तांबड्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जाणारी वाट इतकी अरुंद की समोरून टोपली घेतलेली बाई आली तर आम्हालाच उतरावं लागे. काजूची बोंडं. सारवलेली खळी, त्यांवर वाळत घातलेल्या सुपाऱ्या. माडांच्या झावळ्यांचा आवाज पाऊस पडतो आहे असा, म्हणून मी दोनदा हात पुढे करून पाहिला. आणि वास. बंदराकडे गेलो तेव्हा तो आला. मी पदर नाकाला लावला. आजोबांनी मान वळवून पाहिलं आणि गाडी दुसरीकडे वळवली. त्यांच्या मानेवरून मला कळत होतं की माझा पदर किती वेळ नाकाशी आहे ते मोजलं जातंय. म्हणून मी तो खाली घेतला, आणि वास सोसला.

चढ आला की मी उतरायची, उतार आला की पुन्हा बसायची. पण या चढ-उतारात आम्ही बोलत होतो. वर्षभर साठलेलं. त्यांना गोड फारसं आवडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गुळाच्या व्यापाऱ्याला हे सांगता येत नाही म्हणून ते लहानपणापासून पोळीबरोबर गूळ खात आले होते. मी शास्त्राचा तो विनोद सांगितला तेव्हा ते इतके हसले की गाडी गडग्याला टेकवून उभं राहावं लागलं. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं. एका बाजूचा दात थोडा तिरका होता.

तुमच्या पिढीतली माणसं तुम्ही, लग्नाआधी वर्षानुवर्षं बोलता, मग एका दिवसाचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. मला अजूनही तो दिवस लांबच लांब वाटतो. साताऱ्याचं सगळं बालपण एवढा वेळ घेत नाही आठवायला.

दुपार कलल्यावर आम्ही किनाऱ्यावर आलो. पाणी दूर गेलं होतं आणि ओली वाळू फरशीसारखी सपाट, कडक पडली होती. आजोबांनी टाचेनं दाबून पाहिली आणि गाडी तिच्यावर घातली. तिथं ना चढ ना वळण. त्या दिवसात पहिल्यांदाच मला उतरावं लागलं नाही. गाडी अशी पळाली की कानांत नुसता वारा, आणि पायांखालून चाकाची एकच ओल्या रंगाची रेघ मागे पळत गेलेली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. उघड्यावर, दिवसा. किनाऱ्याला पार टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. उतरून मी पाण्यात पाय बुडवले. टाचांच्या भेगांत सांगलीची हळद बसली होती, ती समुद्रानंही गेली नाही.

भाड्यानं मिळणारं घर त्या टोकाशीच होतं. किल्ली दलालानं दिली होती. पुढे रस्त्याच्या बाजूला दुकानाजोगी मोठी खोली, मागे राहायच्या दोन खोल्या आणि परसात विहीर. घरापर्यंत भुसभुशीत वाळूचा चढ होता, गाडी त्यात रुतली असती. म्हणून आजोबांनी ती खालीच, ओल्या कडक वाळूवर, एका खडकाला टेकवून उभी केली. दशम्यांची पिशवी हँडलला तशीच राहू दिली.

हसू नका. आमची नदी कृष्णा. दिवाळीनंतर ती आत आत जाते आणि मृग लागेपर्यंत परत येत नाही. मधल्या काळात तिच्या वाळूत लोक कलिंगडं लावतात, बैलगाड्या सोडतात, गाडीखाली झोपतात. फाल्गुनात पाणी वाढतं, ही गोष्ट सांगलीच्या माणसाच्या अंगात नसतेच. मी तर शाळेत भरती-ओहोटीवर इंग्रजीत उत्तर लिहिलं होतं, चंद्र आणि पृथ्वीच्या आकृतीसकट, आणि वडिलांनी त्या आकृतीचं कौतुक केलं होतं. ती कागदावरची भरती होती. वाळूवर उभं राहिल्यावर माझ्याही डोळ्यांना ती नदीच दिसली.

घर मला आवडलं. त्याच्या भिंती पांढऱ्या होत्या आणि दुपारचं ऊन दारातून थेट आतल्या खोलीपर्यंत येत होतं. विहिरीचं पाणी मी पदरातून गाळून प्यायले, ते गोड होतं. मग मागचं दार उघडलं. गडग्यापलीकडे शेजारच्या घराचं आवार होतं आणि तिथं दोऱ्यांवर, चटयांवर, जमिनीवर मासळी वाळत घातली होती. आपल्या अंगणात हळद असते तशी, कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत. मी दार लोटून घेतलं.

आजोबा पुढच्या खोलीत भिंत पावलांनी मापत होते, गुळाच्या ढेपा कुठे, पोती कुठे. मला पाहून थांबले.

"देवाची मूर्ती घरात ठेवू आपण," ते म्हणाले. "या कोनाड्यात. मी रोज..." एवढं बोलून त्यांनी कोनाड्यातली धूळ हातानं पुसली. मग म्हणाले, "जमल का तुला? खरं सांग. मला वाईट वाटंल म्हणून व्हय म्हणू नको."

हो म्हणायला ते दार आडवं येत होतं. नाही म्हणायला त्यांचा चेहरा. मी म्हटलं, मला जरा बसू द्या. आम्ही उंबऱ्यावर बसलो, एक आत, एक बाहेर. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग समुद्राचा आवाज फार जवळून यायला लागला म्हणून मी मान वर केली. वाळू नव्हती. खडकाशेजारी पाण्यातून फक्त हँडलची दोन टोकं वर दिसत होती, आणि मधून मधून तीही दिसत नव्हती.

आजोबा वहाणांसकट धावले. मी मागून. पाण्यात शिरून त्यांनी हँडल धरलं, पण लाट आली की गाडी त्यांनाच ओढत होती. पोहता येत होतं त्यांना, कृष्णेत पोहत. पण कृष्णा अशी पुढे-मागे ढकलत नाही. मला वाटतं मी ओरडले असेन. शेजारच्या आवारातून दोन बाया आणि एक पुरुष धावत आले, बायांच्या लुगड्यांचे काचे आधीच घट्ट होते. सरळ पाण्यात शिरले आणि लाट येईल तेव्हा गाडी सोडायची, लाट ओसरेल तेव्हा ओढायची, असं करत तिघांनी आणि आजोबांनी मिळून ती वर कोरड्या वाळूत आणली. गाडीतून सगळीकडून पाणी गळत होतं. त्यातली मोठी बाई कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. तिचं नाव जयवंती, ते नंतर कळलं. तो पुरुष तिचा नवरा आणि दुसरी तिची जाऊ.

"घाटावरची माणसां तुमी?" तिनं विचारलं. आम्ही हो म्हटलं. "तरीच. समुद्राक काय माहीत ती तुमची गाडी म्हणान."

तिची जाऊ हसायला लागली, मग तिचा नवरा, मग ती स्वतः. आजोबा हसले नाहीत. ते पिशवी हातात घेऊन उभे होते. दशम्यांचा खारट लगदा झाला होता. सूर्य समुद्रातल्या किल्ल्याच्या तटाकडे झुकला होता. बाजारात दलालाच्या खोलीवर पीठ होतं, पण तिथवर चालत जाऊन चूल पेटेपर्यंत दिवस गेला असता. सकाळी थोडं खाल्लं होतं, त्यानंतर काही नाही. त्यांनी पिशवी वाळूत रिकामी केली आणि अगदी हळू म्हणाले, "आव्वा म्हणाली तेच झालं."

मग लगेच म्हणाले, "असू दे. लॉरी उद्या परत जाईल, तिच्यातून जाऊ. वडलांना मी सांगतो, मलाच पटलं न्हाई म्हणून." त्यांनी माझ्या वाट्याचा नकारसुद्धा स्वतःच्या अंगावर घेतला. त्याआधी मी त्यांना आवडणारी बायको होते की नाही, मला माहीत नव्हतं. त्या क्षणी कळलं.

जयवंतीनं विचारलं की झालं काय, गाडी तर निघाली. मी सांगितलं, दिवस बुडाल्यावर आम्ही जेवत नाही, आता सकाळपर्यंत काही नाही. "आमच्या पलीकडलो शेजारी रोजे धरता तो सूर्य बुडल्यार खाता, तुमी बुडायच्या आदी," ती म्हणाली. "देवान तरी कोणाकोणाचो येळ सांभाळूचो?" मग वर सूर्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला काहीतरी भराभर सांगितलं. तो कोयता कमरेला अडकवून आमच्या डोक्यावरच्याच माडावर चढला.

शहाळी धप्पकन वाळूत पडली. त्यानं खाली येऊन एक तासलं आणि माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे करत नाही असं पाहून जयवंती म्हणाली, "ह्येका कोणी शिवाक नाय. झाडावरसून थेट तुमच्या हातात. आमच्या भांड्यात मासळी शिजता, ता तुमका चालूचा नाय, माका कळता."

आजोबा माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम समुद्राकडे बघत होते, म्हणजे मी काय करीन ते माझं मी करावं. मी शहाळं घेतलं. मग तिनं घरातून केळीच्या पानावर पोहे आणले, कोरडेच, वर ओलं खोबरं आणि गुळाचा खडा. खोबरं खवायला जाऊकडून नवी विळी मागून आणली होती, हे ती दोनदा सांगत होती. ते पान तिनं आपल्या ओटीवर ठेवलं आणि बाजूला झाली. ओटीवर जायचं म्हणजे त्या मासळीच्या दोऱ्यांखालून जायचं. मी गेले. मांडी घालून बसले. आजोबाही येऊन बसले. वास होताच, तो कुठे गेला नव्हता. पण भूक एवढी लागली होती की पहिल्या घासाला खोबऱ्याची चव लागली, आणि दुसऱ्याला मी जयवंतीला विचारलं की पोहे घरी कांडता का.

मग मी गुळाचा खडा तोंडात घातला. गूळ काळा पडलेला, पाझरून चिकट झालेला, आणि खारट. मी आजोबांकडे पाहिलं. गोड न आवडणारा तो माणूस, पण गूळ जिभेवर ठेवताच व्यापारी जागा झाला. जयवंतीला त्यांनी विचारलं, कुठला हा. "घाटावरचो," ती म्हणाली, आणि दलालाचं नाव घेतलं. महाग मिळतो, तिनं सांगितलं, सणाला तेवढा आणायचा, पाहुण्याला द्यायचा.

तो आमचाच गूळ असावा. लॉरीतून दलालाच्या वखारीत जायचा, तिथं पावसाळाभर पडून राहायचा, आणि पुढे त्याचं काय होतं हे आम्ही सांगलीच्या पेठेत बसून कधी विचारलं नव्हतं. ही बाई तो सणासाठी जपून ठेवत होती आणि तो तिनं आमच्या पानात वाढला होता.

सूर्याची कड अजून पाण्यावर होती. मी पानावरचा शेवटचा घास खाल्ला, चूळ भरली आणि आजोबांना म्हटलं, "अहो, इथल्या माणसांना असला गूळ नको द्यायला. आपण चांगला आणू. वखारीत ठेवायचा नाही, पंधरवड्याला लागेल तेवढाच आणायचा."

"आपण?" त्यांनी विचारलं.

"ती पुढची खोली पुरेल," मी म्हटलं. "फक्त गुळाला जमिनीपासून उंच फळ्या हव्यात. इथं ओल फार."

ते उठले. जयवंतीच्या नवऱ्याबरोबर वाळूत बसून गाडीतलं पाणी काढायला लागले, आणि अंधार पडेपर्यंत शीळ घालत होते. मला त्यांना शीळ घालता येते हे माहीत नव्हतं. गाडी त्या दिवशी सुरू झाली नाही. आम्ही ती दोन्ही बाजूंनी धरून बाजारापर्यंत चालत नेली, आणि वाटेत कुणी विचारलं की दोघंही एकदम सांगू लागायचो.

सांगलीला परतल्यावर मी मामंजींसमोर उभी राहून माझ्या तोंडानं हो म्हटलं. आव्वांनी एवढंच विचारलं, पहिल्या दिवशी जेवलीस का. मी म्हटलं, दिवस असताना जेवले. त्यांनी ते पडताळून पाहायला आजोबांकडे पाहिलं, आणि मग चुलीकडे वळल्या. मे महिन्यात आम्ही मालवणला राहायला गेलो. त्याच पावसाळ्यात देश स्वतंत्र झाला, ते आम्ही जयवंतीच्या ओटीवर बसून ऐकलं. तुमच्या बाबांचा जन्म त्याच घरातला. बस्ती नव्हती याचं मला दुःख होत असे, ते कधी पुरतं गेलं नाही. सकाळी कोनाड्यापुढे बसायची आणि साताऱ्याच्या बस्तीतली घंटा आठवायची. वासाची सवय झाली, हे मात्र खरं, आणि ती केव्हा झाली ते कळलंही नाही.

आम्ही बरीच वर्षं तिथं काढली आणि मामंजी गेल्यावर सांगलीला परत आलो. दुकान आता नाही. त्या जागी पर्यटकांना खोल्या देतात. फटफटी खाऱ्या हवेनं गंजून गेली. किनाऱ्याचा तो सपाट पट्टा समुद्रानं खाल्ला, असं ऐकलं. जयवंतीही गेली, आजोबांच्या आधी.

आम्ही राहायला गेलो त्या आठवड्यात जयवंतीनं बाजारातून एक पितळी पातेलं आणलं होतं आणि फळीवर वेगळं ठेवलं होतं. त्यात तिनं कधी मासळी शिजवली नाही. आम्ही तिच्याकडे जेवायला गेलो की भात त्यातच व्हायचा, दिवस असताना. तिच्या मागे तिच्या सुनेनं ते तसंच ठेवलं, आणि आता नातसून ठेवते. गेल्या वर्षी मी गेले होते तेव्हा तिनं त्यातच भात लावला. ते पातेलं अजून त्या घरात आहे.

तुमची,
आजी